गळका सांधा आणि दुरुस्तीचा इतिहास : वसई परिसरातील एका जुन्या फियाट मोटारीच्या इंधननळीच्या निमित्ताने

सारांश

भारतातील मोटारवाहनांचा इतिहास आजवर प्रामुख्याने कारखाने, उद्योगपती आणि शासकीय धोरणे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मोटार रस्त्यावर आल्यानंतर ती चालती कोणी ठेवली, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात वसई परिसरातील एका जुन्या फियाट ११०० मोटारीच्या इंधननळीच्या गळक्या सांध्याची दुरुस्ती हा अभ्यासविषय म्हणून घेतला आहे. कुर्ल्याचा मोटार उद्योग, टंचाईचा काळ, मोजमापांच्या दोन पद्धती, वसईची खारी हवा आणि अलीकडे बदललेले इंधन या सर्वांच्या खुणा त्या एका सांध्यात कशा आढळतात, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. मिस्त्रीच्या कौशल्याला 'जुगाड' म्हणणे इतिहासदृष्ट्या अन्यायाचे आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी, इंधननळी, दुरुस्ती, वसई, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

वसईचा इतिहास म्हटला की पोर्तुगीज सत्ता, किल्ला आणि १७३९ सालची चिमाजी आप्पांची मोहीम यांचे स्मरण प्रथम होते. ते स्वाभाविकही आहे. परंतु वसईचा आधुनिक इतिहास किल्ल्याच्या तटाबाहेर घडला. १८६४ साली मुंबईकडे जाणारा लोहमार्ग या भूमीतून गेला. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील वाहतूक वाढली. लोहमार्गाच्या पूर्वेस गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत लहान-मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आश्रयाने लेथ, वेल्डिंग व मोटारदुरुस्ती यांचे व्यवसाय वाढले. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या प्रशासकीय घटनांची नोंद दप्तरात आहे. गॅरेजमधील ज्ञानाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहिला पाहिजे. आणि वापर म्हटला की देखभाल व दुरुस्ती ओघानेच आली. हा विचार आपल्या देशास विशेष लागू पडतो. येथे मोटार विकत घेणे ही एकदाच घडणारी घटना होती; ती चालती ठेवणे हे मात्र तीस-चाळीस वर्षांचे काम होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. फियाट ११०० मोटारीच्या इंधननळीच्या सांध्याची रचना व तो गळण्याची कारणे समजून घेणे.
२. या कारणांचा मोटार उद्योगाच्या आणि वसई परिसराच्या इतिहासाशी असलेला संबंध तपासणे.
३. दुरुस्तीच्या ज्ञानाचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य निश्चित करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक स्वरूपाचा आहे. त्यासाठी वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडील एका गॅरेजमध्ये एका दुरुस्तीचे आरंभापासून अखेरपर्यंत निरीक्षण करण्यात आले, तसेच मिस्त्री व मोटारमालक यांच्याशी चर्चा करण्यात आली. दोघांचीही नावे येथे दिलेली नाहीत. एका दुरुस्तीवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. तथापि एका नाण्यावरून जसा राजवटीचा अंदाज बांधता येतो, तसा एका सांध्यावरून काळाचा अंदाज बांधता येईल, अशी या अभ्यासामागील धारणा आहे.

कुर्ल्याची मोटार

वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून १९४७ पासून कुर्ला येथील कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. त्यानंतर इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० ही मोटार कुर्ल्यात तयार होऊ लागली. तत्पूर्वी मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्या सुटे भाग आणून केवळ जुळणी करीत असत. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, ज्यांचा भारतात टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम असेल त्यांनाच या व्यवसायात राहता येईल असे धोरण ठरले आणि जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी आपला गाशा गुंडाळला.

या धोरणाचे दोन परिणाम झाले. मोटारीचे भाग देशात बनू लागले, ही त्याची जमेची बाजू. दुसरीकडे स्पर्धा उरली नाही. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची वेळ आली आणि मॉडेलमध्ये फारसा बदल होईनासा झाला. फियाट ११०० हीच मोटार किरकोळ फेरफारांसह प्रथम 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचे तेच चार सिलिंडरांचे इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हापासून पद्मिनीचे खाजगी ग्राहक कमी होत गेले. पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती पुढेही बराच काळ रस्त्यावर होती.

मॉडेल न बदलल्याचा एक लाभ दुरुस्ती करणाऱ्यांना झाला, तो सहसा नोंदविला जात नाही. एका पिढीचा मिस्त्री जे शिकला ते दुसऱ्या पिढीला तसेच्या तसे उपयोगी पडले. १९६५ च्या गाडीचे ज्ञान १९९५ च्या गाडीला चालत होते. ग्राहकाच्या दृष्टीने जी साचलेली अवस्था होती, तीच कारागिराच्या दृष्टीने परंपरा ठरली.

इंधनमार्गाची रचना

फियाट ११०० मोटारीत पेट्रोलची टाकी मागील बाजूस असते. तेथून निघालेली धातूची नळी मोटारीच्या तळाखालून पुढे येते आणि इंजिनावर बसविलेल्या पंपाला मिळते. हा पंप विजेवर चालत नाही. इंजिनातील कॅमशाफ्टच्या फिरण्याबरोबर त्याची तरफ हलते, आतील पडदा वर-खाली होतो आणि पेट्रोल ओढले जाऊन कार्बोरेटरकडे ढकलले जाते. या मार्गावर ठिकठिकाणी सांधे असतात. कोठे नळीचे टोक कर्ण्यासारखे पसरवून ते नटाने घट्ट दाबलेले असते, त्यास गॅरेजच्या भाषेत फ्लेअर म्हणतात. कोठे नळीवर पितळी कडे चढवून ते आवळलेले असते, कोठे तांब्याचे वॉशर घालून पोकळ बोल्ट बसविलेला असतो, तर कोठे नुसता रबरी पाइप क्लिपने बांधलेला असतो.

या मार्गाचे दोन भाग ध्यानात घेतले पाहिजेत. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात ओढ असते. तेथील सांधा सैल झाला तर गाडी चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि इंजिन धक्के खाऊ लागते. मात्र टाकीतील पेट्रोलची पातळी सांध्याहून वर असेल तर गाडी उभी असताना तेथूनच थेंब पडतात. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या भागात दाब असतो. हा दाब चौरस इंचाला जेमतेम तीन-चार पौंड इतकाच असला, तरी सांधा गळका असल्यास इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर पडते, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी. गळती केव्हा होते, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ती कोठे आहे याचा निम्मा उलगडा होतो. आम्ही पाहिलेल्या मिस्त्रींनी मोटारीचे झाकण उघडण्यापूर्वी मालकाला हाच प्रश्न प्रथम विचारला.

वसईची हवा आणि पाणी

मूळ नळ्या पोलादी असत. वसईसारख्या सागरी प्रदेशात पोलादाचे आयुष्य मर्यादित असते. खाडी आणि समुद्र यांच्यामधील या पट्ट्यात हवेतील क्षार वर्षभर धातूवर बसतात आणि पावसाळ्यात तळाखालचा भाग कित्येक दिवस कोरडा होत नाही. त्यात साचणाऱ्या पाण्याची भर पडते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर जलमय होऊन पश्चिम रेल्वेची वाहतूक ठप्प झाली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीचे आसन वाळविता येते, इंजिनही उघडून साफ करता येते. तळाखालच्या नळीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती आतून-बाहेरून गंजत राहते.

या कारणाने परिसरातील अनेक जुन्या मोटारींत पोलादी नळीच्या जागी तांब्याची नळी बसविली जाते. तांबे गंजत नाही आणि हातानेही वळते, म्हणून ते मिस्त्रींना व मालकांना सोयीचे वाटते. परंतु तांब्याचाही एक दोष आहे. सतत कंप पावल्याने ते कडक व ठिसूळ होते आणि नेमके सांध्यापाशी, जेथे ते हलू शकत नाही तेथे, त्याला बारीक चीर पडते. खाऱ्या हवेवरचा उपाय अशा रीतीने नव्या दुखण्याचे मूळ होतो. आम्ही पाहिलेल्या मोटारीत हेच घडले होते.

दुरुस्तीचे निरीक्षण

ही मोटार १९६८ सालची. मालकांच्या वडिलांनी ती दुसऱ्या हाताने घेतली होती. गेली काही वर्षे ती वर्षातून चार-सहा वेळा, बहुधा घरच्या लग्नकार्याला, बाहेर निघत असे. अलीकडे पेट्रोलचा वास पडवीतून घरात येऊ लागला आणि घरातील मंडळींनी गाडी भंगारात द्यावी असा आग्रह धरला. त्यांची भीती अनाठायी नव्हती. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले तरी ठिणगी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहते. सांधा दुरुस्त झाला नाही तर गाडी द्यायची, असे ठरवूनच मालक गॅरेजमध्ये आले होते.

मिस्त्रींनी प्रथम गाडी उघड्यावर घेतली, इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि बॅटरीची तार सोडवून ठेवली. गॅरेजमधील देवाच्या तसबिरीपुढची उदबत्ती विझविण्यात आली व वाळूची बादली जवळ आणून ठेवली गेली. ही तयारी सुमारे अर्धा तास चालली. तिच्यात घाई नव्हती आणि भीतीचे प्रदर्शनही नव्हते.

गळती पंपाच्या बाहेर जाणाऱ्या सांध्यापाशी असावी, असा अंदाज तेथील पिवळसर-तांबूस डागावरून आला. पेट्रोल उडून जाते, पण त्यातील चिकट अंश मागे राहतो. तथापि डाग म्हणजे उगम नव्हे. वरून ओघळलेले पेट्रोलही खाली डाग पाडते. म्हणून तो सर्व भाग पुसून कोरडा केला गेला आणि त्यावर खडूची पूड चोळण्यात आली. मग पंपाची तरफ हाताने हलविताच पुडीवर एक ओली रेघ उमटली. ती नटाच्या खालच्या कडेपासून निघाली होती.

त्या नटाभोवती पूर्वी कोणीतरी एम-सीलचा थर दिलेला होता. तो खरवडल्यावर आट्यांवर गुंडाळलेली पांढरी टेप दिसली. नळजोडणीत वापरली जाणारी ही टेप येथे निरुपयोगी असते, कारण फ्लेअरच्या सांध्यात पाणीबंद बैठक आट्यांवर अवलंबून नसून नळीचे पसरलेले टोक आणि त्यासमोरचा शंकू यांच्या स्पर्शावर अवलंबून असते. आटे केवळ दाब देण्याचे काम करतात. उलट त्या टेपचे तुकडे पेट्रोलबरोबर वाहत जाऊन कार्बोरेटरच्या सूक्ष्म छिद्रात अडकण्याचा धोका असतो.

नट सोडविताना दोन पाने वापरले गेले. एकाने पंपावरील जोड स्थिर धरला आणि दुसऱ्याने नट फिरविला. एकच पाना लावला असता तर नळीला पीळ बसून पंपाचे मऊ धातूचे अंग तडकण्याची शक्यता होती. नट बाहेर आल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. नळीच्या पसरलेल्या टोकाला केसासारखी चीर होती. आणि तो नट या मोटारीचा नव्हताच.

हा दुसरा शोध इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटतो. फियाट इटलीची, तिचे आटे मिलिमीटरच्या मापाचे. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, तिचे आटे इंचाच्या मापाचे. ही दोन मापे एकाच रस्त्यावर, एकाच गॅरेजमध्ये कित्येक दशके शेजारी शेजारी नांदली. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. कापड मीटरने मोजले जाऊ लागले, दूध लिटरने विकले जाऊ लागले. पण मिस्त्रीच्या पेटीत इंची पाने आणि एम. एम. पाने असे दोन संच राहिलेच. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन नटांपैकी चुकीचा नट पहिल्या एक-दोन वेढ्यांपर्यंत सहज जातो आणि मग अडतो. तेथे जोर लावला की आटे कापले जातात. येथे तसेच झाले होते. टंचाईच्या काळात जे मिळाले ते बसविले गेले असेल, किंवा नंतर कोणी निष्काळजीपणे बसविले असेल. कारण कोणतेही असो, सांध्याने ते जपून ठेवले होते.

पुढील काम सावकाश झाले. पंपाच्या मुखातील दुखावलेले आटे योग्य मापाच्या टॅपने हलक्या हाताने साफ केले गेले. कीस आत पडू नये म्हणून टॅपला ग्रीस लावले होते. तांब्याची नळी काढून टाकण्यात आली आणि ब्रेकसाठी वापरतात तशा पोलादी नळीचा नवा तुकडा जुन्या नळीच्या वळणांबरहुकूम वाकविण्यात आला. तो हॅक्सॉने न कापता चाकाच्या कटरने कापला गेला, कारण करवतीचा कीस नळीत राहतो. टोक पसरविण्यापूर्वी नट नळीवर चढविला आहे ना, याची खात्री मिस्त्रींनी आपल्या शिकाऊ मुलाकडून करून घेतली. ही चूक प्रत्येक शिकाऊ मुलगा एकदा तरी करतो, असे त्यांनी आम्हास सांगितले. नळीचे टोक दुहेरी दुमडून पसरविले गेले. योग्य नट मात्र बाजारातून आणावा लागला नाही. जुन्या गाड्यांतून काढून ठेवलेल्या नटांच्या डब्यातून तो मिळाला.

नट प्रथम बोटांनी पूर्ण आत नेला गेला आणि शेवटी पाना लावून थोडाच आवळण्यात आला. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, उलट फ्लेअर चिरडला जाऊन पुढची गळती निश्चित होते, असे मिस्त्रींचे म्हणणे. नळीला मध्ये आधार देणारी पट्टी कधीच गळून पडली होती; नळीला कंप बसण्याचे आणि चीर पडण्याचे मूळ कारण तेच होते. तशी पट्टी पत्र्यातून कापून, रबराची गादी घालून बसविली गेली. मग तरफ हाताने हलवून, त्यानंतर इंजिन चालू करून आणि शेवटी इंजिन पूर्ण तापल्यावर असा तीन वेळा सांधा तपासण्यात आला. खडूची पूड कोरडी राहिली.

जुगाड की दुरुस्ती?

अलीकडे भारतीय कारागिरांच्या कल्पकतेचे 'जुगाड' या नावाने बरेच कौतुक होते. या कौतुकामागील हेतू चांगला असला तरी त्यात एक अन्याय दडलेला आहे, असे या निरीक्षणावरून वाटते. जुगाड या शब्दात नेमकेपणाचा अभाव गृहीत धरलेला असतो. आम्ही पाहिलेल्या कामात मात्र नेमकेपणा हाच मुख्य गुण होता. माप, धातूचा स्वभाव, दाबाची दिशा आणि कामांचा क्रम यांपैकी एकही गोष्ट अंदाजावर सोडलेली नव्हती.

मिस्त्रींना तात्पुरते उपाय ठाऊक नव्हते असे नाही. वाटेत पेट्रोलची टाकी पाझरू लागली तर धुण्याचा साबण घासून घरी पोहोचता येते, कारण साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. उन्हाळ्यात पंपात पेट्रोलची वाफ अडकून गाडी बंद पडली तर पंपावर ओले फडके ठेवण्याची युक्ती तर जुन्या फियाट व अ‍ॅम्बॅसडरच्या प्रत्येक चालकास माहीत होती. परंतु या युक्त्यांना ते दुरुस्ती म्हणत नव्हते. घरी पोहोचेपर्यंतचा उपाय आणि पुन्हा झाकण उघडावे लागू नये असा उपाय, हा भेद त्यांच्या मनात पक्का होता. एम-सीलचा तो थर पहिल्या वर्गात मोडत होता. त्याची चूक एवढीच की तो दुसऱ्या वर्गात असल्याचे मालकास भासविण्यात आले. घरात येणारा पेट्रोलचा वास हा त्या भासाचा परिणाम होता.

येथे श्रमाच्या मूल्याचाही प्रश्न उद्भवतो. या दुरुस्तीत लागलेल्या वस्तूंची किंमत अत्यल्प होती; नट तर जुनाच होता. वेळ मात्र जवळजवळ पूर्ण दिवसाचा गेला. ज्या व्यवस्थेत बिल सुट्या भागांवर ठरते, तेथे असे काम करणारा नेहमीच तोट्यात राहतो. मिस्त्रींची दोन्ही मुले या व्यवसायात नाहीत, या वस्तुस्थितीकडे त्या दृष्टीने पाहावे लागेल.

बदलते इंधन, बदलता कायदा

या सांध्याचा भविष्यकाळही विचारात घेणे आवश्यक आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. २०२२ च्या जूनपर्यंत पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट साध्य झाले, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाच्या विक्रीस आरंभ झाला आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. जुन्या पद्धतीचे रबर त्यामुळे फुगते किंवा मऊ पडते, बुचाच्या गास्केटा खराब होतात आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ सुटून पुढे वाहतो. वसईच्या दमट हवेत, महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीस हा धोका अधिक संभवतो. म्हणून मिस्त्रींनी धातूच्या सांध्याबरोबरच दोन्ही टोकांचे रबरी पाइप व पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे बसविण्याचा सल्ला दिला.

या घटनेत इतिहासाचा एक विलक्षण योग आहे. इथेनॉलचा काही भाग उसापासून येतो आणि महाराष्ट्रातील साखर उद्योगाचा त्यात मोठा वाटा आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्यास मोटारी बनविण्याचा कारखाना काढला, त्यांनीच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे साखर कारखाना उभारला होता. एकाच उद्योजकाने हाती घेतलेले दोन उद्योग सत्तर-ऐंशी वर्षांनी एका रबरी पाइपात परस्परांसमोर उभे ठाकले आहेत.

कायद्याचीही दिशा बदलली आहे. मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाली आणि शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटारवाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीची स्वतंत्र सोय झाली. अशी वाहने प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. १९६८ ची प्रस्तुत मोटार वयाच्या अटीत बसते. आणि पद्मिनी या नावाच्या पहिल्या गाड्यांचीही पन्नाशी २०२४ पासून सुरू झाली आहे. नियमांनी वाहनाच्या मूळ स्वरूपाला संरक्षण दिले. ते मूळ स्वरूप ओळखणाऱ्या, इंची नट आणि मिलिमीटरचा नट बोटांनी वेगळा काढणाऱ्या कारागिरासाठी मात्र कोणतीही नोंदवही नाही.

निष्कर्ष

१. इंधननळीचा गळका सांधा हा केवळ यांत्रिक बिघाड नसून त्यात आयातबंदी, देशी उत्पादन, मोजमापांचे संक्रमण, सागरी हवामान आणि इंधनधोरण यांच्या खुणा एकत्र आढळतात. अशा वस्तूंचे वाचन हे स्थानिक इतिहासाचे साधन होऊ शकते.

२. मिस्त्रीचे ज्ञान हे नेमके, क्रमबद्ध आणि कारणमीमांसेवर आधारलेले ज्ञान आहे. त्यास जुगाड म्हणणे म्हणजे तात्पुरती मलमपट्टी आणि खरी दुरुस्ती यांतील भेद पुसून टाकणे होय. हा भेद पुसला गेला की त्याचा धोका मोटारीत बसणाऱ्यांना पत्करावा लागतो.

३. मॉडेल दीर्घकाळ न बदलल्यामुळे दुरुस्तीची परंपरा निर्माण झाली. मॉडेले वेगाने बदलू लागल्यावर ती खंडित होत आहे. ती धारण करणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे.

४. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने या कारागिरांच्या मुलाखती, हत्यारांची नावे आणि कामाच्या पद्धती यांची नोंद करण्याचा उपक्रम हाती घेणे निकडीचे आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक वही आणि गॅरेजमध्ये पूर्ण दिवस बसण्याची तयारी एवढे पुरे आहे.

मोटारमालकांनी सायंकाळी गाडी घरी नेली. ती भंगारात देण्याचा विषय तूर्त मागे पडला आहे. चिरलेल्या टोकाचा तो तांब्याचा तुकडा आणि चुकीच्या मापाचा नट मिस्त्रींनी प्रस्तुत लेखकाच्या स्वाधीन केला. विभागातील विद्यार्थ्यांना ते दाखविले असता, हा नट किती सालचा असेल, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. वसईच्या आधुनिक इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ अशा प्रश्नापासूनही होऊ शकतो.